फारकतीचे देणे कोणाच्या माथी?

ब्रिटनने युरोपीय संघाशी फारकत घेतली ती ३१ जानेवारी २०२० रोजी. त्या रात्री लंडनमध्ये जल्लोष झाला, ब्रसेल्समध्ये ब्रिटनचा ध्वज उतरवला गेला आणि एक पर्व संपल्याची ग्वाही जगभरच्या वृत्तपत्रांनी दिली. वस्तुतः त्या रात्री संपले काहीच नव्हते; खरा हिशेब तेथून पुढे सुरू व्हायचा होता. आज पाच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर या व्यवहाराचा जमाखर्च मांडणे शक्य झाले आहे, आणि तो मांडला पाहिजे. राष्ट्रे संघ मोडतात, मंत्री भाषणे करतात, नकाशावर नव्या रेघा उठतात; त्या रेघांचे भाडे मात्र रेघेवर राहणाऱ्या माणसाकडून वसूल केले जाते. हे सत्य ज्यांना पुस्तकात वाचावे लागत नाही अशांपैकी आमचा वाचक आहे, म्हणूनच हा प्रपंच.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. संघातून बाहेर पडण्याच्या ब्रिटिश जनतेच्या हक्काविषयी आमची यत्किंचितही तक्रार नाही. लोकांनी आपल्या राज्यव्यवस्थेचा निर्णय आपल्या मताने करावा, यापरते लोकशाहीत दुसरे प्रमाण नाही. तेव्हा मत देणाऱ्या १ कोटी ७४ लाख माणसांना अडाणी ठरवून नाके मुरडणाऱ्या विद्वानांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. आमचा रोख आहे तो ज्यांनी जनतेपुढे प्रश्न मांडला पण बिल लपवले, त्या मुत्सद्द्यांवर. हक्क ही एक गोष्ट. हक्काच्या नावाने केलेली फसवणूक ही अगदी निराळी.

वाटणीपत्राविना वाटणी

२३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१ टक्के, फरक पुरता तेरा लाखांचाही नव्हे. मतपत्रिकेवर पर्याय दोनच: राहावे की निघावे? प्रचाराची घोषणा होती ‘सत्ता पुन्हा आपल्या हाती घ्या’. जोडीला एक तांबडी बस गावोगाव फिरत होती आणि तिच्यावर लिहिले होते की, आपण दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ या. ब्रिटनला मिळणारी भरघोस सूट त्या आकड्यातून वजाच केलेली नव्हती. सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र संस्थेने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे मतदानापूर्वीच सांगितले होते. बस तरीही फिरतच राहिली.

आपल्याकडे चार भावांची वाटणी होते तेव्हा गावचा साधा तलाठीसुद्धा आधी विचारतो, विहिरीच्या पाण्याची पाळी कशी? बांधावरून बैलगाडी नेण्याची वहिवाट कोणाची? सामाईक कर्ज कोणी फेडायचे? एवढे लिहून झाल्याखेरीज कोणी अंगठा उठवीत नाही. पण जगातील सर्वांत जुनी पार्लमेंट म्हणून मिरवणाऱ्या देशात ४७ वर्षांच्या एकत्र संसाराची वाटणी निघाली ती वाटणीपत्राशिवाय! युरोपीय संघ म्हणजे काही एकच गाठ नव्हती. त्यात जकातसंघ होता, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालाला सर्वांची जकात एक. त्यात एकसंध बाजारपेठ होती, म्हणजे एका देशात विकण्यास योग्य ठरलेला माल दुसऱ्या देशात पुन्हा तपासायचा नाही. त्यात माणसांना कोठेही राहण्याचा व काम करण्याचा हक्क होता, आणि या सर्वांचा अर्थ लावणारे एक न्यायालय होते. यांपैकी कोणती गाठ सोडायची व कोणती ठेवायची, हे मतदाराला कोणीही विचारले नाही. डेव्हिड कॅमेरून यांनी पक्षांतर्गत भांडण मिटवण्यासाठी सार्वमत पुकारले, ते हरले आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर करून मोकळे झाले.

असे निघून जाणे सोपे नसते, याचा दाखला समोर होता. ग्रीनलंडने १९८२ साली बाहेर पडण्याचा कौल दिला. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, वादाचा मुख्य विषय एकच, तो म्हणजे मासे. तरी प्रत्यक्ष बाहेर पडायला १९८५ साल उजाडले. ब्रिटनसारख्या महाकाय व्यापारी राष्ट्राला लिस्बन तहाच्या ५० व्या कलमाने दोन वर्षांची मुदत दिली होती. २९ मार्च २०१७ रोजी नोटीस देऊन त्यांनी घड्याळ चालू केले, आणि मग आपल्याला नेमके काय हवे याचा विचार करायला मंत्रिमंडळ बसले. नांगर आधी आणि बैल मागे, असा हा कारभार.

कायद्याची वीण

पार्लमेंटचे सार्वभौमत्व परत आणण्यासाठी ही सारी धडपड, असे सांगितले जात होते. पण त्याच सार्वभौम पार्लमेंटला विचारल्याशिवाय नोटीस देण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ११ पैकी ८ न्यायमूर्तींनी त्याला अटकाव केला. १५ जानेवारी २०१९ रोजी थेरेसा मे यांचा करार कॉमन्स सभेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. पुढे बोरिस जॉन्सन यांनी तर ऐन पेचप्रसंगात पार्लमेंटचे अधिवेशनच गुंडाळले. सप्टेंबर २०१९ मध्ये अकराच्या अकरा न्यायमूर्तींनी ती तहकुबी बेकायदा ठरवली. पार्लमेंटचे राज्य आणायला निघालेल्यांना पार्लमेंटच्याच दारात न्यायालयाने दोनदा अडवावे, यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

कायद्यांची गत तर याहून उद्बोधक आहे. १९७२ च्या कायद्याने ब्रिटनने युरोपचे नियम आपल्या घरात घेतले होते. विमानाच्या सुट्या भागांपासून मजुराच्या भरपगारी रजेपर्यंत आणि औषधाच्या चाचणीपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत हे धागे विणले गेले होते. ते एकदम ओढले असते तर वस्त्रच उसवले असते. म्हणून सरकारने युक्ती केली. जुने सगळे युरोपीय नियम ब्रिटिश कायदा म्हणून तसेच चालू ठेवले. घर तेच, सामान तेच. बदलली ती दारावरची पाटी. मग २०२२ साली अभिनिवेशाने विधेयक आणले की, २०२३ संपताच हे सारे नियम आपोआप रद्द व्हावेत. पण असे नियम आहेत तरी किती? मोजणी २,४०० च्या आसपास सुरू झाली आणि ४,८०० च्या घरात पोहोचली. आपण काय रद्द करीत आहोत हेच रद्द करणाऱ्याला ठाऊक नव्हते! अखेर मे २०२३ मध्ये सरकारने माघार घेतली आणि सुमारे ६०० नियमांची यादी करून वेळ मारून नेली.

शून्य जकातीचे रहस्य

व्यापाराचा करार झाला तो २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे संक्रमणकाळ संपायला आठवडा उरला असताना. सुमारे १,२०० पानांचा हा दस्तऐवज पार्लमेंटने ३० डिसेंबरला एका दिवसात संमत केला. पुढाऱ्यांनी डांगोरा पिटला की, जकात शून्य, मालाच्या प्रमाणावर मर्यादाही शून्य! सामान्य माणसाला वाटले, म्हणजे सगळे पूर्वीसारखेच. पण व्यापाऱ्याला विचारा. जकात शून्य खरी, परंतु माल आपल्या मुलखात उपजला किंवा घडला हे सिद्ध केले तरच. जर्मनीत बनलेली गोळ्यामिठाई ब्रिटनच्या गुदामात आली आणि तेथून आयर्लंडच्या दुकानाकडे निघाली, तर तिच्यावर जकात बसू लागली. ब्रिटनमध्ये तिच्यावर काही प्रक्रिया झाली नाही म्हणून ती ब्रिटिश नव्हे, आणि संघाबाहेर जाऊन आल्यामुळे युरोपीयही उरली नाही. मिठाईचा असा त्रिशंकू झालेला इतिहासात दुसरा नसेल.

जकातीपेक्षा जाच कागदांचा अधिक. ब्रिटनच्या जकात खात्यानेच २०१९ साली अंदाज वर्तवला होता की, युरोपशी होणाऱ्या व्यापारापायी वर्षाला २१ कोटी ५० लाख नवी जकातपत्रे भरावी लागतील आणि व्यापाऱ्यांना त्याचा भुर्दंड सुमारे ७५० कोटी पौंड पडेल. चीज पाठवायचे तर पशुवैद्याच्या सहीचा आरोग्यदाखला. पेटी लहान असो की मोठी, दाखल्याचे शुल्क तेवढेच. तिसऱ्या, शिणाणे आणि कालवे धरून जिवंतपणी फ्रान्सकडे धाडणाऱ्या वेल्स व डेव्हनच्या कोळ्यांवर तर कुऱ्हाडच कोसळली. अगदी स्वच्छ श्रेणीत न बसणाऱ्या पाण्यातला हा माल शुद्ध न करता जिवंत पाठवायला बाहेरच्या देशांना संघात मुभा नाही, आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन बाहेरचा देश होता. नियम जुनाच होता. ब्रिटन आत असतानाही तो बाहेरच्यांना लागू होता. आपणच उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिल्यावर दार बंद का, म्हणून ओरडण्यात काय अर्थ?

या साऱ्यात गंमत अशी की, युरोपने आपल्या नाक्यावर तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू केली, आणि ब्रिटनने आपल्या नाक्यावरची तपासणी वारंवार पुढे ढकलीत २०२४ पर्यंत नेली. म्हणजे तीन वर्षे ब्रिटिश शेतकऱ्याचा माल तपासून जात होता आणि युरोपच्या शेतकऱ्याचा माल बव्हंशी बिनतपास येत होता. हेच का ते हाती घेतलेले नियंत्रण?

मोठ्या कंपन्या तरल्या. त्यांनी नेदर्लंड्स, आयर्लंड येथे गुदामे काढली, वकील नेमले, कारकून वाढवले. बुडाला तो लहान व्यापारी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०२४ साली दाखवून दिले की, सुमारे १६,४०० ब्रिटिश उद्योगांनी युरोपला माल पाठवणे सोडूनच दिले. ज्याच्या दुकानात मालक, मुनीम आणि हमाल एकच माणूस असतो, त्याने १,२०० पाने केव्हा वाचावीत?

बाहेर पडण्याच्या कैवाऱ्यांचे उत्तर ऐकून घेणे न्यायाचे आहे. ते म्हणतात, आता आम्ही साऱ्या जगाशी स्वतंत्र करार करू शकतो. करार झाले, हे खरे. ऑस्ट्रेलियाशी झाला, पॅसिफिक राष्ट्रांच्या व्यापारगटात ब्रिटन डिसेंबर २०२४ मध्ये सामील झाले, जुलै २०२५ मध्ये भारताशीही सही झाली. २०२५ साली अमेरिकेने जकाती लादल्या तेव्हा ब्रिटनला सरसकट १० टक्के आणि संघाला १५ टक्के, हाही लाभ त्यांच्या बाजूने मांडला पाहिजे. पण ताजवा हाती घ्या. ऑस्ट्रेलियाच्या करारापासून ब्रिटिश सरकारनेच दीर्घकाळात अपेक्षिलेला लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.०८ टक्के, भारताच्या करारापासून ०.१३ टक्के. उलट, सरकारनेच नेमलेल्या स्वतंत्र अर्थसंकल्प कचेरीचा अंदाज असा की, फारकतीमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. ढोबळ हिशेब करा. शंभर पौंडांमागे चार पौंड गमावले. बदल्यात एकीकडून आठ पेन्स आले, दुसरीकडून तेरा. तेलही गेले, तूपही गेले, आणि धुपाटणे हाती घेऊन मिरवणूक चालली आहे.

रेघ समुद्रात ढकलली

तथापि पौंड-पेन्सचा तोटा कधीतरी भरून निघेल. भरून न निघणारी जखम झाली ती आयर्लंडच्या सीमेवर. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. त्याच वर्षीच्या तहात लिहिले होते की, सीमा रहिवाशांच्या इच्छेनुसार ठरवावी, मात्र आर्थिक व भौगोलिक परिस्थितीशी जमेल तितपतच. आयोग नेमला गेला, न्यायमूर्ती फीथम यांनी काम केले, आणि १९२५ साली तयार झालेला अहवाल तिन्ही सरकारांनी मिळून दडपला. लोकांना तो वाचायला मिळाला १९६९ मध्ये. न्यायमूर्ती, आयोग, रहिवाशांची इच्छा आणि तिच्यात मारलेली ‘जमेल तितपत’ ही पाचर, यांचा अर्थ आमच्या वाचकाला फोड करून सांगण्याचे कारण नाही.

जवळजवळ ५०० किलोमीटरची ही रेघ शेतांमधून, गावांमधून जाते. दोनशेहून अधिक रस्ते ती ओलांडतात. तिच्यापायी तीस वर्षे रक्त सांडले. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर हळूहळू चौक्या उठल्या, मनोरे पाडले गेले. दोन्ही देश एकाच बाजारपेठेत असल्यामुळे जकातीचा नाकाही उरला नव्हता. उत्तरेचे दूध दक्षिणेच्या डेअरीत जावे, एका बाजूला राहणाऱ्याने दुसऱ्या बाजूला कामाला जावे, असा साधा संसार पुन्हा मांडला गेला होता. सार्वमतात उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी संघात राहण्याचा कौल दिला. त्यांचे मत मोजले गेले, पण मानले गेले नाही.

जनतेला तीन वचने एकाच तोंडाने दिली गेली होती. आम्ही बाजारपेठेतून व जकातसंघातून बाहेर पडू. आयर्लंडच्या जमिनीवर नाका येऊ देणार नाही. आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यातही नाका होणार नाही. शाळकरी पोराने पाटीवर मांडले असते तरी कळले असते की, यांतली कोणतीही दोन पाळता येतील. तिन्ही मिळून नाहीत. दोन निराळ्या जकातींच्या मुलखांमध्ये तपासणी कोठे तरी होणारच. ती शेवटी समुद्रात गेली. ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात जाणारा माल बेलफास्ट आणि लार्नच्या बंदरांत तपासला जाऊ लागला. हा करार करून आलेले जॉन्सनसाहेब नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील व्यापाऱ्यांना बजावत होते की, कोणी अर्ज भरायला सांगितले तर तो केराच्या टोपलीत टाका! सही त्यांची, आणि कागद मात्र व्यापाऱ्याने टोपलीत टाकावा.

परिणाम काय झाला? ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्यांना वाटले, आपल्याला आपल्याच देशाने परके केले. त्यांचा तो राग आम्ही खोटा म्हणणार नाही. त्यांच्या प्रमुख पक्षाच्या बहिष्कारामुळे प्रादेशिक सरकार फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षे ठप्प झाले. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर तडजोडीने हिरवी वाट आणि तांबडी वाट निघाली. उत्तर आयर्लंडातच राहणाऱ्या मालाला कमी कागद, पुढे संघात जाऊ शकणाऱ्या मालाला पुरी तपासणी. आता ब्रिटनमधून येणाऱ्या दुधाच्या बाटलीवर ‘युरोपीय संघासाठी नव्हे’ असा शिक्का मारावा लागतो. आणि ही व्यवस्था मान्य आहे की नाही, हे तेथील विधिमंडळाला विचारले गेले ते १० डिसेंबर २०२४ रोजी. ४८ विरुद्ध ३६ मतांनी ती चालू राहिली. लग्न लावून चार वर्षे झाल्यावर वधूला पसंती विचारण्याचा हा प्रकार.

गोमंतकीयाचा पासपोर्ट

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल, तर त्याने गोव्याकडे पाहावे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. या वाटेने हजारो गोमंतकीयांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, आणि त्याच्या बळावर ते पोर्तुगालपेक्षा इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडन शहरी, गुदामांत आणि कारखान्यांत कामाला गेले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे या माणसाने आपले भारतीयत्व मोजून तो पासपोर्ट घेतला होता. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या पासपोर्टावर इंग्लंडात स्थायिक होण्याचा हक्क संपला. आधीपासून राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. ज्यांची पाच वर्षे भरली नव्हती त्यांना तात्पुरता दर्जा मिळाला, आणि मुदतीत दुसरा अर्ज न केल्यास हक्कच जाईल अशी तलवार डोक्यावर टांगली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवली, म्हणून निभावले.

आणखी एक विसंगती ध्यानात घ्या. त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या नागरिकांना मत होते. पोर्तुगालच्या नागरिकांना नव्हते. म्हणजे स्विंडनमध्ये शेजारी शेजारी राहणाऱ्या दोघा गोमंतकीयांपैकी, भारतीय पासपोर्ट असलेल्याला मत देता येत होते, आणि ज्याचे सर्वस्व पणाला लागले होते त्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला येत नव्हते. ज्याला सोसायचे त्याला बोलायचे नाही, हा न्याय सीमाप्रश्नाइतकाच जुना आहे.

उंबऱ्याबाहेरचे राष्ट्र

आणि आता काय चालले आहे? १९ मे २०२५ रोजी ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने युरोपीय संघाशी नवा समझोता केला. अन्नपदार्थांवरील कागदांचा जाच कमी करण्यासाठी संघाचे अन्नविषयक नियम, ते बदलतील तसतसे, पाळण्याचे तत्त्वतः मान्य झाले. त्या नियमांचा अंतिम अर्थ लावणार संघाचेच न्यायालय. आपल्या समुद्रातील मासळी हा तर फारकतीचा मानबिंदू. तेथेही युरोपच्या नौकांना २०३८ पर्यंत मोकळीक दिली गेली. या तडजोडीबद्दल आम्ही दोष देत नाही. लहान व्यापाऱ्याला तिने दिलासाच मिळेल. पण चित्र पाहा. ज्या सभेत हात वर करून नियम घडवण्याचा हक्क होता, तेथून हे राष्ट्र ताडकन उठून गेले, आणि आता दाराबाहेर उभे राहून आतला ठराव ऐकायचा व निमूटपणे पाळायचा. सार्वभौमत्व मिळवण्यासाठी निघालेली वरात आज्ञापालनाच्या मांडवात येऊन थांबली आहे.

यातून निघणारा धडा ब्रिटनपुरता नाही. जोडणे असो की तोडणे, लोकांच्या इच्छेवाचून ते होऊ नये, हे तत्त्व अबाधित आहे. पण लोकेच्छा म्हणजे एका दिवसाची एक खूण नव्हे. जो राज्यकर्ता जनतेपुढे प्रश्न ठेवतो, त्याने त्या प्रश्नाचे बिलही त्याच मेजावर ठेवले पाहिजे. जेथे रेघ पडणार, तेथल्या रहिवाशाचे मत आधी घेतले पाहिजे. चार वर्षांनी नव्हे. आणि ज्यांनी जुन्या कायद्यावर विसंबून घर, नोकरी, दुकान थाटले, त्यांच्या हक्कांची हमी सहीच्या आधी लिहून दिली पाहिजे. एवढे न करता जो सत्ता हाती घेण्याची भाषा करतो, त्याच्या हाती सत्ता येते हे खरे. पण देणे राहते ते नाक्यावर माल घेऊन तिष्ठत उभ्या असलेल्या माणसाच्या माथी. सीमेवरच्या जनतेने अशा घोषणा ऐकाव्यात, टाळ्या वाजवण्यापूर्वी मात्र एकच प्रश्न विचारावा: वाटणीपत्र कोठे आहे?